पिवळ्या दिव्याची चुगली

वहिनी, त्या भिंतीला टेकू नका, ओली आहे अजून. या इकडं, जास्वंदीपाशी. हां. गाडीचं विचारत होता न्हवं? सांगतो की. आमचे हे आत पेपर वाचतायत तोवर सांगून घेतो, नाहीतर ते बाहेर येतील आणि सगळं श्रेय स्वतःकडं घेतील.

दिवा लागला तो गगनबावड्याला जाताना, कळ्याच्या पुढं. पिवळा, इंजिनाचं चित्र असलेला. गाडी तशी पळत होती, फक्त सिग्नलला उभी राहिली की थरथरायची. तो दिवा पिवळा होता म्हणून आम्ही पुढं गेलो. तेलाच्या किटलीचा लाल लागला असता किंवा तापमानाचा काटा चढला असता, तर तिथंच बाजूला घेऊन इंजिन बंद. त्यात वाद न्हाई. आणि पिवळा नुसता लागलेला असला तर सावकाश घरी यायचं, पण लुकलुकायला लागला तर ॲक्सिलेटरवरचा पाय काढायचा आणि गाडी उभी करायची.

कोपऱ्यावरच्या घरातलं काय झालं ऐकलंत का? त्यांच्या पोरानं लुकलुकता दिवा घेऊन पन्हाळा केला. चढसुद्धा! एका सिलिंडरमध्ये ठिणगीच नीट पडत नव्हती. मग न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं जळतंय. आत मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्या धातूंचा मुलामा. ती वितळली. एका इग्निशन कॉइलचं काम होतं. कन्व्हर्टरची किंमत ऐकून आई देवघरात जाऊन बसली म्हणे.

आमच्यात काय झालं, ह्यांनी घरी आल्यावर बॅटरीची काळी वायर काढली, थोड्या वेळानं लावली. दिवा गायब! ह्यांची कॉलर ताठ. गल्लीत चौघांना सांगून आले. थोडे दिवस झाले, दिवा परत हजर. माझा भाचा, उद्यमनगरात जॉबवर्क करतो तो, त्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, काका, दिवा लावताना कॉम्प्युटर त्या क्षणाची नोंद पण ठेवतो. वेग किती होता, इंजिन किती फेऱ्यांवर होतं, तापलेलं होतं की गार. तुम्ही वायर काढलीत आणि ते सगळं पुसून टाकलंत.

मग गॅरेज. कुठलं ते सांगत न्हाई, तुमच्या दिरांची तिथं ओळख आहे. त्यानं मशीन लावलं, कोड आला पी ०१७१. म्हणाला, ऑक्सिजन सेन्सर गेला, साडेचार हजार. हे पाकीट काढायला लागले. मी म्हटलं, थांबा जरा.

कारण भाच्यानं मला आधीच सांगून ठेवलं होतं. सेन्सर म्हणजे चुगली करणारा. चुगली खरीसुद्धा असते, पण म्हणून चुगलीखोरालाच मारायचं का? पी ०१७१ एवढंच म्हणतोय की मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. लीन चालतीय गाडी. कशामुळं ते तो सांगत न्हाई. सेन्सर सायलेन्सरच्या नळीत बसून जळून आलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते बघतो आणि वर कळवतो. कधी सेन्सर स्वतःच म्हातारा होतो, ते पण असतं. पण बदलायच्या आधी बघायला नको?

भाच्यानं ब्लूटूथचं छोटं यंत्र आणलं, काही शे रुपयांचं. स्टीअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात बसतं. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या गाड्यांना हे आहे, आपल्याकडं एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ आलं. आमची गाडी २०१४ ची, म्हणून आहे. दसऱ्याला चौकात ती जुनी मेबॅक मोटार येते, तिला आहे का असला दिवा? तिचा आवाज ऐकूनच मिस्त्री सांगत असेल. स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला. आता कान आहेत, पण वेळ कुणाला आहे!

तर मोबाइलवर फ्युएल ट्रिम म्हणून आकडा दिसतो. कॉम्प्युटर नेहमीपेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त सोडतोय तो आकडा. गाडी नुसती चालू ठेवली, आयडलिंगला, तर चोवीस टक्के. रेस दिली, अडीच हजार फेऱ्यांवर नेली, तर सहा. भाचा तिथंच हसला. म्हणाला, मावशी, कुठून तरी एअर खेचतीय.

का ते ऐका. एअर फिल्टरच्या पुढं हवा मोजणारा सेन्सर असतो. त्याच्याही पुढच्या नळीला चीर पडली, तर तिथून चोरून आत जाणारी हवा मोजलीच जात न्हाई. आयडलिंगला इंजिन थोडीच हवा घेतं, त्यात चोरीचा वाटा मोठा. रेस दिली की खरी हवा भरपूर, चोरी त्यात विरघळून जाते. म्हणून आकडा खाली आला.

काय म्हणालात? इथेनॉल? हे पण तेच म्हणत होते. पेपरात वाचतात न्हवं. ई-२० मध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि त्याला जाळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडायला लागतं. दहा टक्क्यांवरून वीसवर गेलं की साधारण चार टक्के जास्त. चार! चोवीस न्हवं. जुन्या गाडीचे रबरी पाइप त्यानं लवकर खराब होतात, ती भीती वेगळी आणि खरी आहे. पण आपल्याच उसाचं इथेनॉल, कारखान्याचं बिल आलं की गोड लागतं आणि गाडी थरथरली की त्याच्यावरच खापर. मला पटत न्हाई.

चीर शोधायला तुमच्याकडनं कुंड्यांचा स्प्रे नेला होता बघा. त्याचसाठी. इंजिन चालू ठेवून नळ्यांवर पाण्याचा बारीक फवारा, कॉइल आणि वायरी सोडून. कोपऱ्यातल्या रबरी एल्बोवर पाणी पडलं आणि थरथर क्षणभर थांबली. पाण्यानं चीर झाकली ना. वाकवून बघितलं तर खालच्या बाजूनं एल्बो बोटभर फाटलेला, वरून नवा कोरा. नळी पावणेदोनशेला. बसवली, कोड पुसला, गाडी जोतिबापर्यंत फिरवून आणली, आयडलिंगचा आकडा तीनवर. पीयूसीवाल्याला हे सापडलं नसतं हो, तो मागं नळीत प्रोब घालतो, दिव्याकडं बघायची त्याला गरजच पडत न्हाई.

गॅरेजवाल्याला सांगितलं तर म्हणतोय, सेन्सर पण बदलून घ्या, वय झालंय. वय तर ह्यांचं पण झालंय.

आता गंमत ऐका. इचलकरंजीच्या व्याह्यांचा काल फोन, त्यांच्या गाडीला पण तोच कोड, पी ०१७१. आमचे हे लगेच म्हणाले, एल्बो बदला. मी फोन काढून घेतला. म्हटलं, आयडलिंगला आकडा किती? म्हणाले, चांगला आहे. तवंदी घाट चढताना किती? तिथं पंचवीस. मग हवेची चोरी न्हवं ही. जोर लागला की पेट्रोलच पुरत न्हाई. फिल्टर तुंबलाय नाहीतर पंप दमलाय. आधी मीटर लावून प्रेशर बघा म्हटलं, मंगळवारी बघणार आहेत. हे तेवढ्यात आतनं ओरडले, पंपच बदला म्हणून सांग. आलेच बघा बाहेर.