विलायतेत फोडणी कशी द्यावी

ब्रिटनच्या विद्यापीठात एका सत्रासाठी निघालेल्या उमेदवाराने व्हिसा, विमा आणि थर्मल यांची चिंता घरच्यांवर सोडावी; ते ती तशीही करतातच. आपण फोडणीचा अभ्यास करावा. परक्या संस्कृतीशी खरी गाठ वर्गात पडत नाही. ती वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात, मोहरी तडतडायच्या बेतात असताना पडते.

सामानापासून सुरुवात करू. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. म्हणजे पेढे बाद, साजूक तूपही बाद. आई यावर “अरे, तूप म्हणजे कुठे दूध?” असा युक्तिवाद करून बरणी पायमोज्यात गुंडाळेल. तिच्याशी वाद घालू नये. ती झोपल्यावर बरणी बाहेर काढावी. हिंगाची डबी मात्र तीन पिशव्यांत बांधावी, नाहीतर सत्रभर स्वेटरला आमटीचा वास येतो.

आता मुख्य विषय. पुष्कळ वसतिगृहांत स्वयंपाकघराच्या छताला उष्णता ओळखणारं यंत्र असतं आणि धूर ओळखणारं यंत्र बाहेर पॅसेजमध्ये. म्हणून दार लावून फोडणी द्यावी. दाराला खुर्ची लावून ते उघडं ठेवणारा बेल्जियन शेजारी असतोच. ती खुर्ची आधी काढावी. खिडकी सुरक्षेसाठी चार बोटंच उघडते, तिच्यावर भिस्त ठेवू नये. शेगडी विजेची असते आणि बटण बंद केलं तरी ती तापलेलीच राहते. तेव्हा मोहरी फुटली की कढलंच उचलावं. सुकी मिरची टाकायचा मोह पहिला महिनाभर आवरावा.

तरीही भोंगा वाजेल. रात्री साडेआठला सगळी इमारत पार्किंगमध्ये उभी राहील. कुणी रजई पांघरून, कुणी डोक्याला टॉवेल गुंडाळून. इथे उमेदवाराने अपराधी चेहरा करू नये, थंडीबद्दल बोलावं. फोडणी कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण विचारणार कुणी नाही. सदाशिव पेठेत हाच खुलासा भोंगा थांबायच्या आत समोरच्या गॅलरीतून झाला असता. इथे तो दुसऱ्या दिवशी फ्रिजवर चिठ्ठीच्या रूपाने येतो: सुवाच्य अक्षर, दोनदा ‘प्लीज’, शेवटी हसरा चेहरा. तो हसरा चेहरा म्हणजे भांडण आहे, हे ओळखावं. उत्तर चिठ्ठीनेच द्यावं. समोरासमोर “काय म्हणायचंय तुला?” असं विचारलंत, तर तो माणूस सत्र संपेपर्यंत रात्री अकरानंतरच जेवायला येईल.

हे सगळं फार जाचक वाटू लागलं, तर एका रविवारी लंडनला चॉक फार्म स्टेशनवर उतरून किंग हेन्रीज रोड गाठावा. तिथल्या 10 क्रमांकाच्या घरात 1921-22 मध्ये डॉ. आंबेडकर राहत होते; महाराष्ट्र सरकारने ते 2015 मध्ये विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला ते 1920 मध्ये परतले होते. त्या दिवसांत तुटपुंज्या जेवणावर रात्री भूक लागली की ते पापड भाजून खात, असं चरित्रकार सांगतात. त्याच मुक्कामातल्या कामावर त्यांनी 1923 मध्ये डी.एस्सी. मिळवली. त्या घरासमोर उभं राहून सुपरमार्केटातल्या गार सँडविचची तक्रार तोंडातून निघत नाही. जमलं तर करून बघा.

राहता राहिला पाहुणचार. पोहे जास्त झाले की बेल्जियनाला विचारावं, भोंगा बंद करायला येणाऱ्या रखवालदारालाही विचारावं. पण एकदाच. आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे रीतीचं, दुसरं लाजेचं आणि तिसऱ्यानंतर ताट वाढायचं असतं. इथे पहिल्या ‘नको’ला माणूस खरंच नको म्हणत असतो, त्याच्या बशीत बळेच चमचाभर ढकलू नये. याचीच दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. प्राध्यापकांनी किंवा शेजाऱ्याने चहा विचारला, तर घरच्या वळणाने “कशाला उगीच” म्हणू नये. ते “बरं” म्हणतात आणि आपल्यापुरता चहा ओतून घेतात.