चीनला चला, बारडोलीमार्गे

श्रीमंतांच्या मुलांना हल्ली भाषा शिकवत नाहीत, भाषेत राहायला पाठवतात. वर्ग, फळा, पाठांतर हे सगळे बाकीच्यांसाठी उरले. तेरा ते सतरा वयाची पोरे गोळा करायची, थेट बीजिंगला न्यायची, एकेका चिनी कुटुंबाच्या घरी ठेवायची, मोबाइल काढून घ्यायचा आणि सांगायचे की आता महिनाभर चिनीतच जेवण मागायचे, नाहीतर उपाशी राहायचे. सकाळी ताई-ची, दुपारी कुंचल्याने अक्षरे, संध्याकाळी डम्पलिंग वळणे, रविवारी ती भिंत. शेवटी प्रमाणपत्र. अमेरिकेत तर चीनपर्यंत जावेही लागत नाही. मिनेसोटाच्या जंगलात कॉन्कॉर्डिया नावाच्या संस्थेने भाषांची गावे थाटली आहेत. तिथल्या चिनी गावात शिरताना पोराला चिनी नाव मिळते, खेळातल्या पासपोर्टवर शिक्का बसतो आणि दुकानातून चॉकलेट घ्यायचे तर आधी डॉलर बदलून घ्यावे लागतात. आईबाप यासाठी फी भरतात आणि चारचौघांत अभिमानाने सांगतात.

हे लोण आता शहाद्याला पोचले. आमचे एक बागायतदार स्नेही आबा, केळी-पपईत बरे चालले आहे, परवा भेटले ते पुण्याहून आलेले पत्रक खिशात घेऊनच. "आंडोरले चीनले धाडनं शे," म्हणाले, म्हणजे पोराला चीनला पाठवायचे आहे. कशाला, असे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. किती लागतील, एवढेच विचारतात. तेही त्यांनी सांगितले. तेवढ्यात दारात ट्रॅक्टर येतो, जुना का होईना. पत्रक गुळगुळीत कागदाचे. हातात लाल कंदील धरलेला, पोट भरलेला एक मुलगा आणि खाली मजकूर: अनोळखी मुलूख, अनोळखी भाषा, घरापासून दूर राहून स्वतःची कामे स्वतः करण्याची सवय.

मी ते दोनदा वाचले. हा अभ्यासक्रम आपल्या नंदुरबार जिल्ह्यात कैक वर्षे चालू आहे, हे आबांना कसे सांगावे कळेना.

चिनी शिकावी की नाही, याबाबत खुद्द दिल्लीचेही मन डळमळलेलेच. २०१९ च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात परदेशी भाषांच्या यादीत चिनी होती. जून २०२० मध्ये गलवानला चिनी सैन्याशी चकमक झाली आणि जुलैअखेर अंतिम धोरण बाहेर पडले, तेव्हा कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन एवढ्या सगळ्या शाबूत. चिनी तेवढी गळाली. नंदुरबारच्या चौकातल्या 'चायनीज'च्या गाड्यांना मात्र कुणी हात लावला नाही. लावणार तरी कसा? तिखट आमच्याच मिरचीच्या पथारीवरचे आणि मंचुरियन मुंबईत जन्मलेले. चीनमध्ये त्याला कुणी ओळखत नाही. पुढे २०२५ मध्ये दोन्ही देशांचे जरा बरे चालले, बंद पडलेली थेट विमाने ऑक्टोबरात पुन्हा उडू लागली. मग पुण्याहून पत्रके सुटली.

पत्रकाशिवायही माणसे जात-येत होतीच म्हणा. ह्युएनत्संग सातव्या शतकात भारतात आला तो सम्राटाची परवानगी न घेता, म्हणजे आजच्या भाषेत व्हिसाविना. नालंदेत राहून शास्त्रे शिकला, महाराष्ट्रात आला, इथला माणूस उपकार विसरत नाही आणि अपमान गिळत नाही असे लिहून ठेवले आणि नर्मदा ओलांडून भरूचला गेला. वाटेत आमच्या बाजूने गेला का, ते तो सांगत नाही. सांगितले असते तर एव्हाना तिथे सेल्फी पॉइंट झाला असता. उलट दिशेने गेले ते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला पोचले. त्यांच्या हातात कुणी कुंचला दिला नाही, जखमी सैनिक दिले. ते चिनी शिकले, तिथल्या विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवू लागले, तिथेच लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. शिजियाझुआंगला त्यांचा पुतळा आहे. प्रमाणपत्र कुणी दिल्याचे ऐकिवात नाही.

तर आबा, चीन लांब पडतो. त्यापेक्षा बारडोली बघा.

नाव आपण भारदस्त ठेवू: गुजराती भाषा व संस्कृती निवासी अनुभव. कालावधी दिवाळीनंतर ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे, मधे होळीला सुट्टी, कारण होळीला सातपुड्यातला माणूस गावी नसेल तर ती होळीच नव्हे. प्रवेश धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर असा कुठूनही. वयाची खालची अट नाही, पाळण्यातलेही चालते. प्रवासाची व्यवस्था मुकादम करतो: रात्री टेम्पो गावात येतो, भांडी, गोधडी, कोंबडी आणि कुटुंब एकावर एक चढते आणि नवापूर, उच्छल, सोनगढ, व्यारा असे करत पहाटे फडावर उतरते. पासपोर्ट लागत नाही. मुलांसाठी शासनाने शिक्षण हमी पत्रक काढले आहे खरे. जिथे जाल तिथल्या शाळेत दाखवा आणि बसा. पण पडाव उसात असतो, शाळा गावात असते, आणि त्या शाळेत फळ्यावर गुजराती.

निवास प्लास्टिकच्या कागदाच्या खोपीत. चिनी कार्यक्रमात मोबाइल काढून घ्यावा लागतो, इथे चार्जिंगच नसल्याने तो प्रश्न मिटतो. परक्या भाषेतच बोलण्याची शपथ वगैरे लागत नाही. किराणावाला, ट्रकचा ड्रायव्हर, शेताचा मालक, दवाखान्यातली सिस्टर सगळे गुजरातीच बोलतात आणि घरच्या पवरी बोलीत पोटदुखी सांगितली तर गोळी मिळत नाही. कृतियुक्त शिक्षण तर असे की पुण्याच्या शाळांनी येऊन पाहावे. पहाटे बाप कोयता चालवतो, आई पाचट सोलून मोळी बांधते, आणि तेरा वर्षांचे पोर ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. ट्रक रात्री दोनला आला तर तास रात्री दोनला. धाकट्यांसाठी वाढे गोळा करण्याचा हलका उपक्रम आहे.

सांस्कृतिक स्थळांत बारडोलीच भरते: १९२८ चा सत्याग्रह इथलाच, शेतसाऱ्याविरुद्ध शेतकरी इथेच उभे राहिले आणि वल्लभभाई 'सरदार' झाले ते इथेच. सहलीत मात्र ते समाविष्ट नाही. त्या बाजूला फड नसतो.

आणि फी? इथे आमचा कार्यक्रम चिनी कार्यक्रमाच्या पुढे आहे. आधी आयोजकच पालकांना पैसे देतात. त्याला उचल म्हणतात. हंगामाच्या शेवटी ती वळती होते तेव्हा कशी वाढलेली असते, ते मजुरांना विचारा. नवरा-बायको मिळून एक कोयता, हिशोब कोयत्याचा. पोराचे नाव त्यात कुठेच नाही. त्याचे शिक्षण चालू आहे ना!

कुणाला वाटेल, ही नवी कल्पना. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बारडोलीच्या फडात जाऊन खानदेशातून येणाऱ्या या मजुरांवर सविस्तर लिहिले आहे. म्हणजे परदेशी प्राध्यापकाने पाहणी केलेला, पन्नास वर्षे अखंड चालू असलेला अभ्यासक्रम, आणि मान्यतेचा अजून पत्ता नाही.

निकाल बघायचा तर नवापूर स्टेशनवर जा. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली आणि सीमा नेमकी या स्टेशनातून गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत. एका बाकावर तर मधोमध रेघ आहे, अर्धे बूड या राज्यात, अर्धे त्या. घोषणा चार भाषांत. परतीच्या हंगामात तिथे तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी मी पाहिली. धाकट्या भावाला ती मावचीत दटावत होती, वडेवाल्याशी गुजरातीत घासाघीस करत होती, आणि मला तिने शुद्ध शाळेच्या मराठीत विचारले, "सर, गाडी किती वाजता आहे?" हातात काट्याची जुनी पावती. ती तिने मला वाचून दाखवली, गुजराती आकड्या-अक्षरांसकट. हे कुठे शिकलीस म्हटल्यावर खांदे उडवले. वरची रेघ पुसायची, मग बरीचशी अक्षरे आपलीच, काही तेवढी वेगळी, ती दुकानांच्या पाट्यांवरून कळतात. ट्रक किती टनांचा भरला ते बापाला वाचता येत नाही, म्हणून शिकली. चीनहून परतलेल्या मुलाला एवढे आले असते, तर आबांनी शहाद्यात फ्लेक्स लावला असता. हिच्या शाळेच्या हजेरीपटावर हिच्या नावापुढे नोव्हेंबरपासून गैरहजेरीच्या फुल्या.

२०२५ च्या एप्रिलात पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला आणि महाराष्ट्र पेटला. लहान जिवाला तीन भाषा झेपतील का, यावर अग्रलेख झाले, मोर्चे ठरले. जूनअखेर सरकारने आदेश मागे घेतले, समिती नेमली. तो वाद योग्यच होता, पहिलीच्या पोरावर ओझे नकोच. पण एवढ्या गदारोळात सातपुड्याकडे कुणी वळून पाहिले नाही. इथले पोर घरी पवरी किंवा भिली किंवा मावची बोलते, बाजारात अहिराणी, शाळेत मराठी, मोबाइलवर हिंदी, उसात गुजराती, आणि इंग्रजीत नापास होते. शेवटची तेवढी आमच्या नोंदीत राहते.

आश्रमशाळेचेही तेच. सहा वर्षांचे पवरी बोलणारे मूल निवासी शाळेत सोडतात, समोर दूरच्या जिल्ह्यातून बदलीवर आलेले गुरुजी. त्यांना याचे कळत नाही, याला त्यांचे कळत नाही. चिनी कार्यक्रमवाले याच पद्धतीला अत्याधुनिक म्हणतात. आमच्याकडे त्याच मुलाला मंद म्हणतात. नर्मदेच्या काठी बुडित गावांतल्या जीवनशाळांनी आधी मुलाच्या बोलीत शिकवून पाहिले, तर पोरे घडाघडा बोलू लागली. तो प्रयोग आम्ही कौतुक करून बाजूला ठेवला.

आबांचा मुलगा चीनला जाऊ दे. खरेच जाऊ दे. चार लोकांत राहील, भाषा येईल, वाईट काही नाही. मात्र तिकडचे घर, जेवण, झोपेचे तास आणि डॉक्टर पत्रकात छापून देतात, तशी हमी बारडोलीला जाणाऱ्या पोरांना द्यायला कुणी तयार नाही. तोवर त्यांनी जाऊच नये, एवढीच सोय करता येते, आणि ती योजना सरकारी कागदावर आहे: हंगामी वसतिगृह. आईबाप उसाला गेले तरी पोराने गावात राहायचे, जेवायचे आणि शाळेत जायचे. टेम्पो दिवाळीनंतर आठवड्याभरात सुटतात, आणि एकदा पोर टेम्पोत चढले की वसतिगृह उघडून उपयोग नसतो. जिल्ह्यातल्या साहेबलोकांना हात जोडून विनंती आहे, यंदा मंजुरी दिवाळीच्या आधी द्या.