लॅपटॉप घेण्यापूर्वी कमिटी नेमावी

पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला की गोरेगावच्या घराघरांत लॅपटॉपचा विषय निघतो. तो निघाल्याबरोबर दुकान गाठणं हा निव्वळ उतावळेपणा. आधी कमिटी नेमावी. तीत एक मावसभाऊ हवाच, जो 'आयटीत' आहे. आयटीत म्हणजे नक्की काय करतो, हे विचारू नये. दुसरे सोसायटीचे सेक्रेटरी, कारण त्यांचा पंधरा वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर 'अजून टकाटक' आहे. तिसरी आत्या. तिच्या सोनूने ऐंशी हजारांचा घेतला, एवढीच माहिती ती देते, पण दर बैठकीला देते. खुद्द विद्यार्थ्याला कमिटीवर घेऊ नये. त्याला फक्त अंधारात लाल-निळा चमकणारा कीबोर्ड हवा असतो.

बजेट 40,000 ठरवावं आणि कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवावं. याचा उपयोग शून्य. कारण लॅपटॉपच्या बाजारात एक जुनाट रोग आहे, त्याचं नाव 'अजून दोन हजार टाका'. दोन टाकले की पडदा बरा मिळतो, आणखी दोन टाकले की बॅटरी. असे टाकत टाकत माणूस अशा आकड्याला येतो, की तेवढ्यात चांगली सेकंडहँड स्कूटर आली असती आणि तिला अँटिव्हायरस लागला नसता.

मावसभाऊ म्हणेल, "काका, आय-फाइव्हच्या खाली बघूच नका." यावर मान डोलवावी आणि हळूच विचारावं, "कितव्या जनरेशनचा?" 2017 साली आलेल्या आठव्या जनरेशनच्या आय-फाइव्ह 8250यू मध्ये चार कोअर आहेत, 2022च्या आय-थ्री 1215यू मध्ये सहा. नुसत्या घराण्यावर भाळू नये, जन्मसालही बघावं. एवढं ऐकलं की मावसभावाला ऑफिसचा फोन येतो आणि तो गॅलरीत जातो. तिथून तो चहा झाल्यावरच परततो.

आता लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलंय, पण त्या नावाने विचारलंत तर लोक तुम्हाला पोस्टमन समजतील. गोरेगावहून स्लो लोकल धरावी आणि ग्रँट रोडला उतरावं. सोबत सेक्रेटरींना न्यावं, ते घासाघीस करतात. मी न्यायचं विसरलो होतो. दुकानदाराला मी विचारलं, "रॅम सोल्डर केलेली आहे की स्लॉट आहे?" हे वाक्य मी ट्रेनमध्ये सांताक्रूझपासून पाठ करत होतो. त्याने माझ्याकडे निरखून बघितलं, काउंटरखालून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला, ठेवणीतल्या नमुन्याचा पालथा भाग उघडला आणि आतली हिरवी पट्टी नखाने दाखवली. "आठ जीबी लावलीय, एक स्लॉट खाली है." मी डॉक्टरांनी एक्स-रे दाखवल्यासारखा गंभीर चेहरा केला. कळलं एवढंच, की उद्या आठ अपुरी पडली तर दुसरी पट्टी बसेल, आख्खा लॅपटॉप बदलावा लागणार नाही. हा प्रश्न आमच्या कमिटीतल्या एकालाही सुचला नव्हता.

तिथेच कंपन्यांनी वापरून सोडलेले लॅपटॉप निम्म्या भावात मांडलेले असतात. दणकट असतात, तुच्छ मानू नये. मात्र बिजागरी उघड-मिट करून बघावी, बॅटरीचा रिपोर्ट मागावा आणि पुन्हा तोच जन्मसालाचा प्रश्न टाकावा. विंडोज 10चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025ला थांबले आणि विंडोज 11 इंटेलच्या साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचेच प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारतं. त्याहून जुना फारच स्वस्त मिळत असेल तर उबुंटू टाकायची तयारी ठेवावी. आत्याला उबुंटू हा व्हायरस वाटेल, वाटू द्यावा. हार्डडिस्कवाला मात्र फुकट दिला तरी घेऊ नये. एसएसडी नसेल तर मशीन सुरू होईपर्यंत पहिलं लेक्चर संपतं.

वजनाची गोष्ट कोणी सांगत नाही. सव्वापंधरा इंचांच्या वरचा पडदा घरी ऐसपैस दिसतो. मी आमच्या वाण्याकडे लॅपटॉप, चार्जर आणि बॅग काट्यावर ठेवली. काटा तीन किलोच्या पुढे गेला. वाणी म्हणाला, "बासमतीपेक्षा महाग पडला की." कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर ठीक, सकाळच्या लोकलमध्ये ही बॅग पोटाशी धरून उभं राहायचं असेल तर चौदा इंचीच घ्यावा. सीएसएमटीकडे जाणाऱ्यांनी गोरेगावहूनच सुटणारी हार्बर पकडावी, 2018पासून ती सोय आहे. बसायला मिळालं तर बॅग मांडीवर येते.

घरी आणल्यावर हार घालू नये, हवा जायच्या जाळीत पाकळ्या अडकतात. कुंकवाचं बोट झाकणावर चालेल.

आमचा लॅपटॉप येऊन चार महिने झाले. त्यावर सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस टाईप झाली, इतिवृत्त झालं, थकबाकीदारांची यादी झाली, सोनूच्या साखरपुड्याचे फोटो उतरवून झाले. मुलगा असाइनमेंट मोबाइलवर करतो. लॅपटॉप सेक्रेटरींकडे आहे, मागितला की म्हणतात, "हो हो, फक्त लेखापरीक्षण होऊ दे."