कॉफीबाईंना अनावृत पत्र

श्रीमती कॉफीबाई, मुक्काम मांडवा ते श्रीवर्धन किनारा, यांस,

सा. न. वि. वि.

मुंबईकरांच्या मागोमाग तुम्ही अलिबागेत आलात, तेव्हापासून दात पिवळे करण्याचा ठपका तुमच्यावर आहे. ठपका खोटा नाही. तुमच्यातली टॅनिने दातांवर बसतात आणि डाग पडतो. तुमचा पीएच पाचच्या आसपास, आणि साडेपाचच्या खाली एनॅमल विरघळू लागते, हेही खरे. पण दुधातले केसीन त्या टॅनिनांना बरेचसे बांधून ठेवते, आम्ल लाळ निवळवते, आणि उरलेला डाग दंतवैद्याच्या खुर्चीत निघतो. ज्या कोकम सरबताला आम्ही पित्तशामक म्हणून डोक्यावर घेतो, ते तुमच्याहून कितीतरी आंबट, शिवाय साखरेत बुडवलेले. त्याला दातांबद्दल कुणी जाब विचारल्याचे ऐकिवात नाही.

ठपका ठेवणारे कोण, तेही पाहा. भाजलेली तंबाखू हिरड्यांवर चोळून दात काळे करायचे आणि त्याला दात घासणे म्हणायचे, ही मिश्रीची सोय तुमच्या नशिबी कुठली! मग जेवणानंतर सुपारीचे खांड. त्यातले अ‍ॅरेकोलीन गालाच्या आतल्या पेशींना कोलॅजन साठवायला लावते. आधी तिखट सोसवत नाही, मग गाल ताठरतो, आणि पुढे तीन बोटे उभी धरून तोंडात जाईनाशी होतात. तो ताठरपणा पुरता सुटत नाही, कर्करोगाचा धोका वाढवतो तो वेगळाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ साली सुपारीला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. तुम्हाला त्याच संस्थेने १९९१ साली मूत्राशयाच्या कर्करोगावरून संशयितांत बसवले होते, २०१६ साली पुराव्याअभावी सोडून दिले. संशय उरला तो ६५ अंशांवरच्या कढत पेयांवर, मग ते कोणतेही असो. तेव्हा फुंकर घालून प्यायला सांगा, झाले.

श्रीवर्धनहून हरकत येईल : रोठा सुपारीवर आमच्या वाड्या जगतात, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने त्या आडव्या केल्या, त्यात तुमचे हे पत्र. पण वाडीवाल्याशी भांडण नाहीच. पूजेच्या तबकातल्या सुपारीने कुणाचे तोंड आखडलेले नाही. ‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत सुपारी खात होते,’ ही दुसरी हरकत. नव्वदीचे आजोबा सगळे दाखवतात, पन्नाशीत गेलेल्यांना दाखवणार कसे? तुम्हीही फार फुशारू नका. कॉफी पिणाऱ्यांत तोंडाचा कर्करोग कमी आढळतो, असे काही पाहण्या सांगतात, पण कमी आढळणे म्हणजे तुम्ही तो टाळता, असे नव्हे.

एक गुन्हा मात्र कबूल करा. दोन चमचे साखर घालून तोच मग दुपारभर घोट घोट पुरवायचा, म्हणजे दर घोटाला तोंडातल्या जिवाणूंना नवा खुराक. साखर तुमची नव्हे, संगत तुमचीच. त्याबद्दल माफीपत्र पाठवा आणि मेनूकार्डावर ‘नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी’ एवढी ओळ छापून घ्या.

कळावे,
तोंडात अजून तीन बोटे मावणारा,
एक चहाबाज