संकरित घटपर्णीची बीजापासून निपज : शिरस्ता आणि खबरदारी

ज्या गृहस्थास घरच्या मंडळींनी आपल्याला किरकोळ कामे सांगू नयेत, आणि कोणी हटकल्यास आपण काहीतरी शास्त्रीय करीत आहोत असे निःशंकपणे सांगता यावे, अशी मनापासून इच्छा असेल, त्याने संकरित घटपर्णी बीजापासून वाढविण्याचा उद्योग अवश्य हाती घ्यावा. रोपवाटिकेतून तयार रोप विकत आणणे हा याहून स्वस्त, सुलभ आणि शहाणपणाचा मार्ग आहे. सबब त्याचा विचार येथे कर्तव्य नाही.

उद्योगाची परंपरा थोर आहे. इंग्लंडातील एक्झिटर येथील व्हीच घराण्याच्या रोपवाटिकेत जॉन डॉमिनी नावाचा माळी होता. १८५६ साली त्याच्या हातचे पहिले संकरित ऑर्किड फुलले, १८६२ साली त्याने जुळविलेली पहिली कृत्रिम संकराची घटपर्णी लोकांपुढे आली, आणि दोहोंस त्याचेच नाव मिळाले. याच घराण्याच्या लंडनमधील चेल्सी पेढीच्या ‘मास्टर्सियाना’ नामक नामांकित संकरात आपल्या मेघालयातील घटपर्णीचा अंश आहे, हे सांगितल्यास पाहुण्यांचा अविश्वास बराच कमी होतो. पेढी १९१४ साली बरखास्त झाली. तिचे दुखणे मात्र जगभरच्या हौशी लोकांस जडून राहिले.

प्रथम वधूवरसंशोधन. उंच पर्वतावरच्या जातींना रात्रीचा गारवा लागतो आणि मुंबईच्या मे महिन्यात त्या कोणतीही कैफियत न देता मरतात; सखल अरण्यातल्या जातींना पुण्याचा जानेवारी सोसत नाही; सबब दोहोंच्या मीलनातून काहीशी सोशीक संतती निपजावी, हा संकराचा एक सयुक्तिक हेतू होय. खासी, गारो आणि जैंतिया टेकड्यांत वाढणारी घटपर्णी ही भारतातील एकमेव जात असून, तिच्यासाठी बाघमारा येथे अभयारण्य राखून ठेवलेले आहे. रानातल्या झाडास हात न लावता, लागवडीत वाढलेल्या झाडाशीच सोयरीक जुळवावी.

खरी अडचण पुढेच आहे. घटपर्णीत नर आणि मादी ही स्वतंत्र झाडे असतात, आणि प्रथम फुलण्यापूर्वी झाड कोणत्या पक्षाचे आहे हे खुद्द झाडाखेरीज कोणासही ठाऊक नसते; घटाचा आकार, पानांची ठेवण, मालकाची इच्छा यांपैकी कशाचाही दाखला येथे ग्राह्य धरला जात नाही. बरे, दोन्ही पक्ष हाती आले तरी नराचा तुरा झडून गेल्यावर मादीने आपला तुरा काढावा, असाच बहुधा योग येतो. म्हणून नराच्या फुलात मधोमध उभ्या असलेल्या दांडीच्या टोकावर पिवळ्या परागाची बारीक गोळी दिसू लागली, की ती चिमट्याने खुडून कागदाच्या पुडीत बांधावी, पुडीवर नाव व तारीख घालावी, आणि ती घट्ट झाकणाच्या डबीतून फ्रीजमध्ये ठेवावी. ही डबी केशराच्या डबीसारखी दिसणार नाही, एवढी दक्षता घ्यावी. परागकण श्रीखंडात पडले, की वंशावळ तेथेच खुंटते.

मादीचे फूल उमलून त्याच्या माथ्यावर चिकट ओल चमकू लागली, म्हणजे हे पराग कुंचल्याने त्यावर टेकवावेत, आणि तत्क्षणी चिठ्ठी लिहावी: आधी मातेचे नाव, मग गुणिलेचे चिन्ह, मग पित्याचे. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी, कारण शाई उन्हात उडते. झाड मेले तर एक झाड गेले. चिठ्ठी हरवली तर झाड जिवंत राहूनही बेवारस ठरते, आणि बेवारस घटपर्णीला या जाणत्या समाजात कोणी पाणीसुद्धा विचारीत नाही.

बोंडे पिकावयास दोन-तीन महिने लागतात. ती तपकिरी होऊन उकलण्यापूर्वीच त्यांवर मलमलीची पिशवी बांधावी. बी हातात घेऊन पाहावे : सुताच्या तुटक्या धाग्यासारखे, दोन्ही टोकांस निमुळते, आणि मधोमध किंचित फुगलेले. त्या फुगवटीत गर्भ असतो. फुगवटी नसेल तर हाती आले ते नुसते सूत. पेरणीपूर्वी पंखा बंद करावा. या एका नियमाच्या उल्लंघनाने जेवढे संकर नष्ट झाले असतील, तेवढे बुरशीनेही झाले नसतील.

सुपीक माती, शेणखत, गांडूळखत यांचा मोह सर्वस्वी टाळावा. हे कुळ निकस जमिनीत वाढलेले असून, त्या दारिद्र्यापायीच त्याने कीटकांवर दरोडे घालण्याचा पेशा पत्करला आहे. बारीक चिरलेले स्फॅग्नम शेवाळ, अथवा मीठ निघून जाईपर्यंत धुतलेले कोकोपीट व परलाइट यांचे मिश्रण घ्यावे; पाणी पावसाचे किंवा आरओचे, बोअरचे कदापि नव्हे. बी वर पसरावे, पुरू नये, आणि कुंडीवर पारदर्शक पिशवी चढवून ती उजेडात पण उन्हाच्या माऱ्याबाहेर ठेवावी.

यानंतर काहीही घडत नाही. ही पायरी कित्येक आठवड्यांची, प्रसंगी महिन्यांची असून तीत कर्त्याने रोज सकाळी भिंग घेऊन कुंडीसमोर हजर व्हावे एवढेच अपेक्षित आहे. प्रथम जे हिरवे दिसते ते बहुधा शैवाल असते. त्यावरून अभिनंदन स्वीकारू नये. खऱ्या रोपास दोन बीजपत्रे असतात, आणि त्यांमागून येणारी पानेच टोकाशी घट घेऊन उगवतात: आकार मोहरीएवढा, पण आत रसाचा थेंब, वर झाकण, असा संपूर्ण सरंजाम! याच सुमारास ओल्या शेवाळात बुरशीमाश्या येतात, आणि त्यांच्या अळ्या या भावी कीटकभक्षकांची कोवळी मुळे कुरतडून खातात. पिवळे चिकट सापळे लावावेत. न्यायाची अपेक्षा ठेवू नये.

झाड मोठे झाल्यावर त्यास काय खाऊ घालावे, याविषयी मतभेद आहेत. क्यू उद्यानाचे संचालक जोसेफ हूकर यांनी घटपर्णीला अंड्याचा पांढरा बलक, मांस आणि कूर्चा देऊन पाहिली व तिच्या पचनशक्तीचा वृत्तांत १८७४ साली बेलफास्टच्या विद्वत्सभेत निवेदन केला. बोर्निओच्या डोंगरावरील लोवाय जातीने तर पुढे शिकारीचा व्याप बराच कमी केला असून, झाकणावरचा गोड स्राव चाटावयास येणाऱ्या वृक्षचिचुंद्रीची विष्ठा घटात झेलून ती नत्राची गरज भागविते. हा मार्ग किफायतशीर असला तरी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या नियमांत बसविणे कठीण. नवशिक्याने मुंग्यांवर भागवावे. त्या आमंत्रणावाचून येतात.

एकाच बोंडातल्या भावंडांत एक रूपवान, एक रोगट, आणि उरलेली सर्व सामान्य निघतात. रूपवान निघेल ते ठेवावे, आणि तेही नर की मादी हे कळण्यास काही वर्षांची मुदत द्यावी. पुरेसे असामान्य ठरल्यास आंतरराष्ट्रीय मांसाहारी वनस्पती संस्थेकडे छायाचित्र व वर्णन धाडून त्याच्या नावाची रीतसर नोंद करता येते. बाकीची रोपे आप्तेष्टांना वाटून टाकावीत. मात्र ती देताना चिठ्ठीची नक्कल आणि पाण्याविषयीच्या अटी लेखी द्याव्यात, पोच घ्यावी, आणि पुढल्या भेटीत रोप दिसले नाही तरी चौकशी करू नये.