श्यामजी पंतांना सोबत नेऊ नका
(तळेगावहून पंधरा दिवस युरोपला जाऊन येऊ इच्छिणाऱ्यांसाठी)

युरोपला जाणं अवघड नाही. अवघड आहे ते, तिथून आपण परत येणार हे जाण्याआधीच एका अनोळखी साहेबाला पटवून देणं. साहेब मुंबईच्या वकिलातीत बसतो, आपल्याला कधी दिसत नाही. त्याला दिसतात फक्त आपले कागद.

जो परवाना मिळवायचा त्याला शेंगेन व्हिसा म्हणतात. एका व्हिसावर 29 देश, कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं लहानसं गाव. 14 जून 1985 रोजी तिथे नदीतल्या बोटीवर बसून पाच देशांनी करार केला आणि गावाचं नाव जगभरच्या पासपोर्टांवर उमटलं. तेव्हा आपण खेड्यातले, असा न्यूनगंड तळेगावकरांनी ठेवू नये. दरवाजाही खेड्याचाच आहे.

पायरी पहिली : गावाचं नाव

अर्जात जन्मस्थळ विचारतात. नुसतं ‘तळेगाव’ लिहाल, तर दाभाडे, ढमढेरे, दिघे, दशासर असे अनेक दावेदार उभे राहतात. आपल्याच वर्धा जिल्ह्यात तळेगाव (टालाटुले) आहे. म्हणून पूर्ण नाव लिहावं : तळेगाव (श्यामजी पंत). पण कित्येक ऑनलाइन फॉर्मना कंस चालत नाही. मथुरेलाही चालला नव्हता. कंस गेला की श्यामजी पंत मोकळे होतात आणि आधारवर एका, पासपोर्टवर दुसऱ्या, सातबारावर तिसऱ्या स्पेलिंगने हिंडू लागतात. तिन्ही कागद आधी एका ओळीत आणा. नाहीतर व्हिसा केंद्राच्या खिडकीवरची मुलगी विचारेल, ‘मिस्टर पंत तुमच्यासोबत प्रवास करणार आहेत का?’ घाबरून ‘हो’ म्हणू नका. त्यांचाही अर्ज भरावा लागेल.

पायरी दुसरी : मुहूर्त

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, शंका आली तर पंचेचाळीसपर्यंत. हे झालं युरोपचं पंचांग. आपलं पंचांग संत्र्याच्या झाडावर असतं. आंबिया बहार असेल तर ऐन मे महिन्यात झाडाला लहान फळं आणि तुम्हाला मोटारीची राखण. रात्रीची लाइन आली की उठायचं. युरोपचं नावच काढू नका. मृग बहारवाल्याचं मात्र बरं. मे महिन्यात तो झाडांचं पाणी तोडतो, झाडांना ताण देतो. झाडं ताणावर असताना मालक मोकळा. अर्थात त्या काळात व्हिसा मालकाला ताण देतो. बहार कोणाला येईल ते नंतर कळतं.

पायरी तिसरी : कोणत्या देशाला हात जोडायचे

जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा; दिवस सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल पडेल त्याच्याकडे. लेक म्युनिकला असेल तर प्रश्न मिटला, जर्मनी. तिथल्या कचेरीत जाऊन ती ‘आईबाबांचा खर्च माझा’ असं लिहून देऊ शकते. त्या कागदाचं नाव फरप्फ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग. उच्चार जमेपर्यंत एसटी कारंजा ओलांडते.

पायरी चौथी : पैसा

बँकेचं मागच्या काही महिन्यांचं स्टेटमेंट, शिक्क्यासह. साहेबाला दर महिन्याच्या एक तारखेला पगार पडलेला आवडतो. आपल्या खात्यात दहा महिने खतं, फवारणी आणि लाइटबिल. मग एके दिवशी बेपारी बगिच्याचा सौदा करतो आणि एकदम मोठी रक्कम पडते. साहेबाला वाटतं, व्हिसासाठी कोणाकडून तरी उसने आणले. त्याला लेखी समजवा की संत्री पगारावर नसतात. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, सगळ्यांचं इंग्रजी भाषांतर जोडा. प्राप्तिकराचं विवरणपत्र मागतील. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे हेही सांगा. ‘कमावता आणि कर नाही?’ असा मत्सर युरोपियनाला होणं स्वाभाविक आहे.

फी 90 युरो, म्हणजे नऊ हजारांच्या आसपास. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. विमानाचं आरक्षण दाखवा. पूर्ण पैसे भरून तिकीट काढायची घाई करू नका.

पायरी पाचवी : बोटं

वर्ध्याहून विदर्भ एक्सप्रेस पकडून मुंबई गाठा. तिथे दहाही बोटांचे ठसे घेतात. रेशन दुकानातलं मशीन ज्याचा अंगठा तीनदा नाकारतं, त्याने आठ दिवस आधीपासून विळ्याला हात लावू नये, रात्री खोबरेल चोळावं. ठसे एकदा उमटले की 59 महिने पुरतात. तेवढ्या काळात पुन्हा जायचं ठरलं, तर सहसा तेच ठसे चालतात.

पायरी सहावी : विमा

किमान 30,000 युरोचं संरक्षण हवं, आपले साधारण तीस लाख. त्यात आजारपण, इस्पितळ आणि वेळ आलीच तर मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च येतो. नियमाची गंमत पाहा : मेलेला माणूस परत येईल याची हमी कंपनी घेते, जिवंत माणसाने ती स्वतः द्यायची.

पायरी सातवी : परत येण्याचा पुरावा

इथेच बरेच अर्ज घसरतात. नकाराच्या छापील कागदावर कारणांपुढे चौकटी असतात. त्यातली एक सांगते : मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल याबद्दल वाजवी शंका आहे. शेजारी ऐकून म्हणतो, ‘काहून बाप्पा, पाच एकर सोडून हा तिकडं काय बटाटे सोलत बसंन?’ पण हे त्याने साहेबाला सांगून भागत नाही; कागद लागतो.

म्हणून अर्जासोबत एक पत्र जोडा. नमुना असा :

‘महोदय, माझी झाडं ताणावर आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृग लागेल. पाऊस आला की ताण सुटेल, झाडांना फूट होईल, आणि त्या दिवशी मी बगिच्यात नसलो तर वर्षाचं पीक हातचं जाईल. तुमच्या व्हिसावर शेवटची तारीख कोणतीही लिहा; माझी ठरलेली आहे. आमच्या गावातून कामाधंद्यासाठी बरेच जण बाहेर गेले, माझी लेकसुद्धा. पण गावाच्या नावात एक गृहस्थ कंसात बसले आहेत, ते अजून उठलेले नाहीत. हमीदार म्हणून त्यांचं नाव देत आहे. पत्ता तोच.’

पत्राची एक प्रत घरी ठेवा. व्हिसा आला नाही, तर पाणी तोडलेल्या झाडांखाली बसून वाचायला बरी पडते. आणि आला, तर म्युनिकला तिसऱ्या दिवशी लेकीला तुम्हीच विचाराल, ‘तळेगावात आभाळ आलं का गं?’