सरकारचं इथे काय काम?

तात्यांची पेपर वाचायची एक रीत आहे. पहिल्या पानावर चष्मा नाकावर ठेवून विचारायचं, ‘हे सरकारचं काम आहे का?’ तिसऱ्या पानावर चष्मा कपाळावर सारून विचारायचं, ‘सरकार काय झोपा काढतंय?’ पहिला प्रश्न सक्ती, बंदी आणि नव्या नियमांच्या बातम्यांना. दुसरा खड्डे, भटकी कुत्री, कांद्याचा भाव आणि समोरच्या मंगल कार्यालयातल्या डीजेला. दोन प्रश्नांच्या मध्ये एक कप चहा होतो, आणि तेवढ्या वेळात डोईजड झालेलं सरकार बेपत्ता झालेलं असतं.

आमची दारं समोरासमोर आहेत आणि दोघांत एकच पेपर येतो, त्यामुळे हे सगळं मला रोज ऐकावं लागतं. तात्या कुठल्या पक्षाचे आहेत हे अजून कुणाला कळलेलं नाही. सत्तेवर कुणीही असो, त्यांची तक्रार तीच राहते. त्यांचं भांडण सरकार या वस्तूशीच आहे. आणि गाऱ्हाणं घालायलाही त्यांना तीच वस्तू लागते.

२०१९च्या जानेवारीत पुण्यात पोलिसांनी हेल्मेटसक्ती मनावर घेतली, तेव्हा तात्या कोथरूडहून निषेधाच्या मोर्चाला गेले. रिक्षाने गेले, कारण गुडघ्यांपायी स्कूटर त्यांनी आधीच विकली होती. दुचाकीस्वाराने हेल्मेट घालावं हे १९८८च्या मोटार वाहन कायद्यातच लिहिलेलं आहे, नवीन काही नाही, असं मी म्हणून पाहिलं. तात्या म्हणाले, “कायदा असू दे ना. अंमलबजावणी कशाला?”

“पण तात्या, डोकं फुटलं तर ससूनमध्ये खर्च सरकारचाच होणार ना?”

“तो त्यांनी करायलाच हवा. कर कशाला भरतो मी?”

म्हणजे डोक्यावर काही घाला असं सांगायचा हक्क सरकारला नाही, फुटलेलं डोकं शिवून द्यायची जबाबदारी मात्र आहे. यावर पुढे बोलण्यासारखं काही नसतं, पण तात्या बोलतात. पुण्याच्या माणसाला या वादात दोन पूर्वज फुकट मिळालेले आहेत. १८९१ साली संमतिवयाचं विधेयक आलं, दहाचं वय बारा करणारं. परक्या सरकारने आमच्या घरच्या रिवाजांत कायद्याने हात घालू नये, म्हणून टिळक विरोधात उभे राहिले. समाज आपण होऊन हलत नसेल तर कायदा हवाच, म्हणून आगरकर बाजूने उभे राहिले. असल्याच वादांवरून त्या दोघांची आधीच फाटली होती. तात्यांकडे मात्र दोघे गुण्यागोविंदाने नांदतात. वेळ स्वतःवर आली की तात्या टिळकांचे, शेजाऱ्यावर आली की आगरकरांचे.

मध्यंतरी महापालिकेचा एक कर्मचारी आला होता. तात्यांनी त्याला दारातच अडवून १८९७च्या प्लेगमध्ये घराघरांत घुसलेल्या गोऱ्या सोजिरांची आणि त्यानंतर रँडसाहेबाचं काय झालं त्याची गोष्ट ऐकवली. तो पोरगा हातातला कागद सावरत ऐकत होता. तो आला होता मालमत्ता करात ४० टक्के सवलत द्यायची तर मालक स्वतः घरात राहतात का, एवढंच बघायला. तो निघून गेल्यावर काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, हे त्यांच्या लक्षात आणून दिलं. मग तात्या जिना उतरून गेटपर्यंत त्याच्यामागे, “अहो साहेब, आत तर या, चहा तरी घ्या!” सरकार त्या दिवशी घरात शिरलं, पोहे खाऊन गेलं.

दारूच्या बाबतीतही त्यांचं असंच आहे. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९चा. तो आजही महाराष्ट्रात आहे, म्हणून तर आपल्याकडच्या बारवर ‘परमिट रूम’ अशी पाटी असते. अठराव्या वर्षी माणूस सरकार निवडू शकतो, एकविसाव्या वर्षी मुलगा लग्न करू शकतो, व्हिस्कीला मात्र पंचवीस पूर्ण लागतात. यावर तात्या तासभर बोलायचे. देशाचा कारभार कुणी करावा हे ज्याला कळतं त्याला ग्लासात किती ओतावं हे कळत नाही का, वगैरे. ऐकायला मलाही आवडायचं, कारण मुद्दा बिनतोड होता. मग बावीस वर्षांच्या नातवाच्या पाठपिशवीत बिअरचा कॅन सापडला. बिअरला कायद्याने एकवीस चालतात, म्हणजे पोरगा कायद्यात बसत होता. तात्यांनी सारा दोष कायद्यावर टाकला. “एकवीस? एकविसाव्या वर्षी काय अक्कल असते? या सरकारला कशाचं गांभीर्यच नाही.”

असा माणूस उभ्या आयुष्यात सरकारपासून चार हात लांब राहिला असेल असं वाटतं. पण तात्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. कुठल्याशा कालव्यावर ते शाखा अभियंता होते. हाताखाली कालवा निरीक्षक, त्याच्या हाताखाली पाटकरी. शेतकऱ्याने नमुना नंबर सातचा पाणी अर्ज भरायचा, तो तात्यांच्या टेबलावर यायचा, आणि शेतात ऊस उभा राहणार की ज्वारी हे तिथे ठरायचं. जमीन त्याची, बी त्याचं, घाम त्याचा, पाळी तात्यांची. अर्जाशिवाय कुणी रात्री दार उचलून पाणी घेतलं की सकाळी पंचनामा. त्या दिवसांबद्दल बोलताना ‘सरकारचं काय काम’ हे शब्द तात्यांच्या तोंडून एकदाही येत नाहीत. उलट डोळ्यांत चमक येते. “तेव्हा शिस्त होती!”

त्या शिस्तीत काय काय बसायचं हे आताच्या पोरांना सांगून खरं वाटणार नाही. रेडिओ ऐकायला पोस्टात पैसे भरून लायसन काढायचं. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला. १९६३च्या जानेवारीत अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी चौदा कॅरेटपेक्षा चोख दागिना घडवायलाच बंदी केली. सोनारांचे संसार उघड्यावर आले, आणि ज्यांच्या घरी लग्नं ठरली होती त्यांची झोप उडाली. तात्यांच्या थोरल्या बहिणीचं लग्न त्याच वर्षीचं. तिच्या पाटल्या बावीस कॅरेटच्या आहेत, हे काकू अभिमानाने सांगतात. त्या कशा घडल्या, असं विचारलं की तात्या म्हणतात, “शिस्त असली तरी मागचं दार असतंच.”

एक गोष्ट मात्र तात्या स्वतः सांगत नाहीत. ती मला काकूंकडून कळली. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. पण कायद्यासाठी कोण थांबलं होतं? कोटे तर कर्मचाऱ्यांना आधीच वाटून दिलेले. इतक्या ‘केसेस’ आणा, नाहीतर पगारवाढ विसरा. तात्यांच्या टेबलासमोर तर पाणी मागायला रोज माणसं उभी, म्हणजे केसेस पायाने चालत आलेल्या. वरच्या साहेबांनी तोंडी सुचवलंही, अर्ज मंजूर करण्यापूर्वी जरा विषय काढत जा. तात्यांनी विषय काढला नाही. महिनाअखेरीला त्यांनी एकच केस दिली, स्वतःची. तेव्हा त्यांना दोन मुलं होती, वय तिशीच्या आतबाहेर. काकू हे सांगत असताना तात्या आतल्या खोलीत होते, आणि ट्रान्झिस्टरचा आवाज उगाच मोठा झाला होता.

तेव्हापासून मी त्यांचं पालुपद निव्वळ आडमुठेपणा समजत नाही. ज्याने सरकारचा हात माणसाच्या अंगापर्यंत पोहोचताना पाहिला, आणि तो हात काही काळ आपलाच होता हे ज्याला ठाऊक आहे, त्याने ‘इथे तुमचं काय काम’ असं विचारलं तर ते रास्तच आहे. फक्त पुढे त्यांनी तो प्रश्न हेल्मेटला विचारला, प्लास्टिकच्या पिशवीला विचारला, ओला-सुका कचरा वेगळा करण्यालाही विचारला. नसबंदी आणि कचऱ्याची बादली यांत काही फरक आहे, हे मी त्यांना अजून पटवू शकलेलो नाही.

आणि ज्या एका ठिकाणी हा प्रश्न त्यांनी विचारायलाच हवा, तिथे ते स्वतःच सरकार आहेत. तात्या आमच्या गृहनिर्माण संस्थेचे अध्यक्ष आहेत. जिन्याखालचा सूचनाफलक हे त्यांचं राजपत्र. ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, गॅलरीत बाहेरच्या बाजूस कपडे वाळत घालू नयेत. दाराबाहेर चपलांचे दोनपेक्षा अधिक जोड आढळल्यास ते जप्त करण्यात येतील. पाहुण्यांची नोंद वॉचमनकडे करावी व मुक्काम तीन दिवसांहून अधिक असल्यास कारण द्यावे.’ खाली सही, शिक्का, आणि सहीखाली पुन्हा कंसात नाव. माझी सासू आठवडाभर राहिली तेव्हा मी ‘कारण’ या रकान्यात ‘मुलगी’ असं लिहून दिलं. ते मान्य झालं.

तिसऱ्या मजल्यावर हिंजवडीला नोकरी करणाऱ्या दोन मुली भाड्याने राहतात. त्यांच्यासाठी तात्यांनी वेगळी सूचना काढली. रात्री दहाच्या आत परत यावं, आणि घरमालकाने घर भाड्याने दिल्याबद्दलचं बिनवहिवाट शुल्क नव्या दराने भरावं. दर ऐकून घरमालकाला घाम फुटला. पण या मुली अर्ज लिहिणाऱ्यांतल्या निघाल्या. बिनवहिवाट शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा शासनाचा आदेश २००१च्या ऑगस्टपासून आहे, तो त्यांनी उपनिबंधकांच्या कार्यालयातून आणून तात्यांच्या हातात ठेवला. वर एकीने अगदी नम्रपणे विचारलं, “काका, आणि आम्ही रात्री किती वाजता यायचं, हे सोसायटीचं काम आहे का?”

तात्या त्या संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसले. फार दुखावले होते. “बघितलंस? आपल्या घरातल्या गोष्टी. सरकारला मध्ये पडायचं काय कारण? सोसायटीने किती शुल्क घ्यावं हे मंत्रालय ठरवणार?” मी गप्प बसलो. त्यांनी खिशातून कागद काढला. पाचव्या मजल्यावाल्याने गच्चीत पत्रे घातलेत, त्याच्याविरुद्ध महापालिकेला द्यायच्या अर्जाचा मसुदा होता. भाषा बघून दे म्हणाले. भाषा उत्तम होती. ‘प्रशासनाने या प्रकरणी तातडीने व कठोर हस्तक्षेप करावा.’

नोव्हेंबर आला की मात्र तात्या मऊ होतात. पेन्शनरांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवायचं, नाहीतर पेन्शन थांबते. पूर्वी बँकेत जाऊन यादीवर सही केली की भागायचं. मग अंगठ्याचं यंत्र आलं आणि तात्यांच्या बोटांवरच्या रेषा त्याला दिसेनात. यंदा पोस्टमन मोबाइल घेऊन घरीच आला. त्यात चेहरा दाखवायचा असतो. साक्षीदार म्हणून मला बोलावलं, त्याची काही गरज नव्हती.

पोस्टमन म्हणाला, “आजोबा, आता डोळे मिचकवा.”

“का?”

“ॲप मागतंय. फोटो दाखवून कुणी फसवू नये म्हणून.”

तात्या ताठ बसले. “मी डोळे कधी मिचकवायचे, हे सरकार ठरवणार?”

पोस्टमनने मोबाइल खाली केला. त्याला अजून चार घरं करायची होती. आतून काकू आल्या, हात पुसत. “अहो, मिचकवा. पेन्शन माझ्याही औषधांना लागते.”

तात्यांनी डोळे मिचकवले. जरा जास्तच वेळा मिचकवले. मेसेज आला, तो त्यांनी मला दोनदा मोठ्याने वाचायला लावला. मग पोस्टमनला चहा झाला, चकली झाली, खाली जाईपर्यंत लिफ्ट धरून ठेवणं झालं. परत येऊन तात्या खुर्चीत टेकले आणि मला म्हणाले, “चांगली सोय आहे रे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत घे, सोसायटीतल्या सगळ्या ज्येष्ठांना ही पद्धत सक्तीची करायची.”